एएनएम करू की सरळ जीएनएम? वय २८, बारावी आर्ट्स, मुलगी ५ वर्षांची

रानजाई

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. नर्सिंगच्या दोन कोर्सांत माझं अडलंय, एएनएम म्हणजे सहायक नर्स-सुईण आणि जीएनएम म्हणजे जनरल नर्स-सुईण.

मी हिंगोली जिल्ह्यातली, वसमतची. बारावी आर्ट्स ५६ टक्के, मग लग्न, मग मुलगी. गेली चार वर्षं एका खाजगी दवाखान्यात कामाला आहे. लागले होते केस पेपर काढायला, पण हळूहळू बीपी घेणं, इंजेक्शन, सलाईन लावणं, ड्रेसिंग सगळं करायला लागले, बघून बघूनच शिकले. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पगार ७५०० आहे आणि माझ्याकडे नर्सिंगचा एक कागदसुद्धा नाही.

हे आजवर मनाला लागलं नव्हतं, पण दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. साधारण तिशीतली बाई ॲडमिट होती, ताप आणि खोकला, डॉक्टर सरांनी अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लिहिलं होतं. मी शिरेतून दिलं आणि सिरिंज टाकून वळते न वळते तोच ती म्हणाली की अंगाला खाज सुटलीय, बघता बघता ओठ सुजले, आवाज जड झाला आणि बीपी लागेना. सर जेवायला घरी गेलेले, घर दोन गल्ल्या सोडून. मी फोन लावला आणि इतर वेळी बघितलं होतं तसं ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट ही ॲलर्जीची इंजेक्शनं दिली. सर धावत आले ते एकच ओरडले, ॲड्रेनॅलिन कुठंय. ते ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात होतं, रोज मी ती ट्रॉली पुसते, पण ते अँपूल कशासाठी ठेवलंय हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बाई वाचली, तिसऱ्या दिवशी घरी गेली, जाताना माझ्या मुलीसाठी शेंगदाण्याचे लाडू ठेवून गेली. मला त्या दिवशी घरी आल्यावर भाकरी घशाखाली उतरेना.

तेव्हापासून ठरवलंय की आता शिकायचंच. नवरा तयार आहे, तो टेम्पो चालवतो. सासूबाई मुलीला बघतील म्हणतात पण त्यांचं म्हणणं एएनएम कर, तालुक्यातच कॉलेज आहे, दोन वर्षं, संध्याकाळी घरी. मामेबहीण म्हणते आधी एएनएम कर मग जीएनएम कर, पायरी पायरीनं जावं. दवाखान्यात एक जीएनएम झालेल्या ताई होत्या त्या म्हणायच्या सरळ जीएनएमच कर, पण ते नांदेडला, तीन वर्षं, आणि राहायचं काय. शिवाय गावात एक बोर्ड लागलाय ‘एका वर्षात नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी’, फी ३५ हजार, तिथं कुठलीच अट नाही म्हणतात.

आमची ऐपत एकदाच खर्च करायची आहे, चुकलं तर परत जमणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

---

उपकेंद्रवाली

रानजाई, तू लिहिलंस ते वाचून आधी थोडा वेळ बसून राहिले. तुझ्यासारख्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांना कुणी काही शिकवत नाही, राबवून मात्र घेतात.

मी एएनएम आहे, जव्हारकडच्या एका सरकारी आरोग्य उपकेंद्रात. माझा कोर्स जुना, दहावीनंतर दीड वर्षाचा होता तेव्हा. आता बारावी लागते आणि दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. कुठल्याही शाखेची बारावी चालते त्यामुळे तुला अडचण नाही.

लोक एएनएमला अर्धी नर्स समजतात त्याचा मला फार राग येतो. हे काम वेगळं आहे, कमी नाहीये. आमच्याकडे आदिवासी भाग म्हणून तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तुमच्याकडे सपाटीला पाच हजार. त्या सगळ्या घरांमध्ये कोण गरोदर आहे, कुणाचं हिमोग्लोबिन सात आहे, कुठल्या बाळाचा पेंटा लसीचा तिसरा डोस राहिलाय हे मला तोंडपाठ असतं. लसीकरणाच्या दिवशी सकाळी फ्रीजरमधून काढलेले आईस पॅक लगेच लसींच्या कॅरिअरमध्ये भरायचे नसतात, बाहेर ठेवायचे आणि कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खळखळलं की मगच भरायचे, नाहीतर पेंटा गोठते आणि गोठलेली लस बाळाला देऊन उपयोग शून्य. बीसीजी आणि गोवर-रुबेला एकदा पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, म्हणून बाटलीवर फोडल्याची वेळ लिहायची, दोन बाळं येतील म्हणून वाट बघत ठेवायची नाही. कॅरिअर खांद्याला, रजिस्टरची पिशवी हातात, सोबत आशाताई, आणि पावसाळ्यात ओढा उतरायची वाट बघत बसायचं. रात्री दोनला बाळंतपणासाठी दार वाजतं. हे जिला आवडतं तिनं एएनएम करावं आणि मान ताठ ठेवून करावं.

पण नोकरीचं खरं सांगते. जिल्हा परिषदेत कायम लागलीस तर सोनं आहे, एस-८ वेतनश्रेणीचा पगार, मूळ २५,५०० पासून सुरू आणि वर भत्ते. पण ती भरती कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. २०१९ ला जिल्हा परिषदांची जाहिरात आली, मुलींनी फॉर्म भरले, परीक्षा पुढे ढकलत ढकलत शेवटी रद्द झाली आणि नवी जाहिरात आली थेट ऑगस्ट २०२३ ला. माझ्या चुलत बहिणीची त्यात चार वर्षं गेली. तोपर्यंत राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम) कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची, नाहीतर खाजगी दवाखाना. आणि खाजगीत एएनएमला पगार द्यायला कुणाचा हात सैल होत नाही, आमच्या भागात आठ-दहा हजारांवर मी कुणाला बघितलं नाही.

तुला गावातलं काम करायचंय का वॉर्डातलं, हे आधी स्वतःला विचार. बाकी हिशोब नंतर.

---

नाईट_ड्युटी_पुणे

सरळ जीएनएम कर. मी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नकोस.

‘पायरी पायरीनं’ हे ऐकायला छान वाटतं पण त्यात फसगत आहे. एएनएम करून जीएनएमला गेलीस तरी एक दिवसाचीही सूट मिळत नाही, परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. म्हणजे दोन आणि तीन, पाच वर्षं आणि दोनदा फी. सरळ गेलीस तर तीन वर्षांत संपलं. जीएनएम आधी साडेतीन वर्षांचं होतं, आता तीनच आहे इंटर्नशिप धरून.

दुसरं म्हणजे रजिस्ट्रेशन. एएनएम झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागतं ते एएनएम म्हणूनच. जीएनएमला रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. मोठ्या हॉस्पिटलची स्टाफ नर्स, सरकारी अधिपरिचारिका, परदेश, पुढचं शिक्षण, सगळ्या दारांवर हेच विचारतात. सरकारी अधिपरिचारिकेचा पगार एस-१३ म्हणजे मूळ ३५,४०० पासून. आता उपकेंद्रवाली ताईंच्या २५,५०० शी ताडून बघ, महिन्याला मूळ पगारातच दहा हजाराचा फरक आणि तोही एका जास्तीच्या वर्षासाठी.

मीही आर्ट्सची आहे. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, ते आपल्याला बंद. पण जीएनएम झालं की पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांची करता येते आणि तिथं आर्ट्स की सायन्स विचारत नाहीत. मी तसंच केलं. जीएनएम २०१४ ला, चार वर्षं आयसीयूत काढली, मग पोस्ट बेसिक. आज माझ्या हाताखाली सायन्सवाल्या बीएस्सी मुली ड्युटी करतात.

आणि तुझ्या त्या प्रसंगाबद्दल. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट चूक नाहीत गं, पण ती नंतरची औषधं, त्यांना काम करायला वेळ लागतो. अशी रिअ‍ॅक्शन आली की पहिलं ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पाय वर, ऑक्सिजन, सलाईन जोरात, मदतीला हाक. हे आम्हाला पाठ होईपर्यंत घोटवून घेतलं होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. तू मूर्ख नव्हतीस, तुला कुणी शिकवलं नव्हतं. सलाईनचंच घे. ५०० एमएल चार तासांत द्यायचं लिहिलं असेल तर तू थेंब कसे ठरवतेस? अंदाजानं ना? साध्या सेटला एका एमएलचे वीस थेंब, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. घड्याळ धरून मोजायचे. हार्टचा म्हातारा पेशंट असेल आणि अंदाजानं तेच सलाईन तासाभरात गेलं तर त्याच्या फुप्फुसात पाणी होतं. पहिल्या वर्षी मॅडम आमच्याकडून रिकाम्या बाटलीवर थेंब मोजून घ्यायच्या, तेव्हा कंटाळा यायचा, आज पहाटे चारला डोळे मिटत असतात तेव्हा तोच सराव कामाला येतो.

ते एका वर्षाचं विसर. तिकडं वळूनही बघू नकोस.

---

ट्यूटर_दादा

मी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवतो, अकरा वर्षं झाली. वरच्या दोघी ताईंचं बहुतेक बरोबर आहे, काही गोष्टी जोडतो.

पहिला प्रश्न ताई, तुमचे बारावीचे इंग्रजीचे मार्क किती? जीएनएमला एकूण ४० टक्के तर लागतातच पण इंग्रजीतही वेगळे ४० लागतात आणि हे मुली बघतच नाहीत. एकूण ५६ आहेत म्हणून निर्धास्त असतात, इंग्रजीत ३६ निघतात आणि ॲडमिशनच्या टेबलावर परत फिरावं लागतं. मार्कशीट काढा आणि आज बघा. ४० च्या आत असतील तर मात्र मामेबहिणीचा मार्ग खरोखर कामाचा, कारण नोंदणीकृत एएनएमला जीएनएमचं दार पास मार्कांवर उघडतं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, इंग्रजीत ३७, एएनएम करून आली, वर्गात सगळ्यात हुशार तीच, कारण बाळंतपण तिनं हातानं केलेलं होतं आणि बाकीच्या पुस्तकात बघत होत्या.

वय १७ ते ३५, तुम्ही २८ म्हणजे दोन्हीकडे बसता.

आता त्या बोर्डाबद्दल. ‘एका वर्षात नर्स’ असा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाही. पेशंट केअर, बेडसाइड असिस्टंट, जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट अशी नावं असतात, मदतनीस म्हणून त्या कामाला किंमत आहे, मी कमी लेखत नाही, पण तो कोर्स करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही तर तुम्ही नर्स नाही, ३५ हजार भरून आज आहात तिथेच राहाल. दरवर्षी दोन-चार पालक तसलं सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे येतात की सर याच्यावर दुसऱ्या वर्षाला घ्या. त्यांना नाही म्हणताना जीभ रेटत नाही. शेतातलं सोयाबीन विकून भरलेले पैसे असतात.

कॉलेज कुठलंही असो, आधी तीन गोष्टी तपासा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या वर्षाच्या यादीत नाव आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का. जीएनएम एएनएम दोन्हीची परीक्षा हेच मंडळ घेतं. मान्यता त्या त्या वर्षाची बघायची, पाच वर्षांपूर्वीचं पत्र फ्रेम करून भिंतीला लावलेलं असतं त्याला भुलू नका. आणि प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलला नेतात ते विचारा, तिथं जाऊन वॉर्डातल्या मुलींना विचारा. ज्या स्कूलचं स्वतःचं हॉस्पिटल कागदावरच चालतं तिथली मुलगी तीन वर्षांनी कॅथेटर हातात धरायला घाबरते, मी बघितलंय.

ओरिजिनल कागद कुणाकडे कायमचे ठेवू नका. तपासायला दाखवा, जमा करायला लागलेच तर पोच घ्या. सोडताना ‘आधी सगळी फी भरा मग मार्कशीट’ म्हणून मुलींना अडवून धरतात.

पहिला प्रयत्न सरकारी स्कूलचाच करा. जिल्हा रुग्णालयांना जोडलेली सरकारी एएनएम जीएनएम स्कूल आहेत, फी नावापुरती आणि पेशंट भरपूर, शिकायला त्याहून चांगली जागा नाही. ॲडमिशनची पद्धत यंदाच्या सूचनेत नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका, तारीख एका दिवसानं हुकली तरी वर्ष जातं.

आणि एक, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं स्वप्न कुणी दाखवेल, पगार मोठा आहे, मूळ ४४,९००. पण जीएनएमवाल्यांना त्यासाठी पन्नास खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि वयाची अट ३० आहे, आरक्षणात तीन किंवा पाच वर्षं सूट. तुम्ही जीएनएम होईपर्यंत ३१, अनुभव धरून ३३. म्हणजे खुल्या प्रवर्गातून ते दार बंद. हे आत्ताच माहीत असलेलं बरं. राज्य सरकारच्या भरतीला खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत आहे, तिथं तुम्हाला भरपूर वेळ मिळतो.

---

जर्सीची_मावशी

मी अमेरिकेत असते, न्यू जर्सीला. मूळची अकोल्याची. मी इथं उलटं केलं म्हणून लिहावंसं वाटलं. चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं असताना, आधी एलपीएन म्हणजे प्रॅक्टिकल नर्स झाले, साधारण वर्षभराचा कोर्स, मग वृद्धाश्रमात नोकरी करत करत आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं केलं. पहिला पगार लवकर हातात आला त्यामुळे घरात माझ्या शिकण्याला विरोध राहिला नाही, ही गोष्ट लहान नाहीये. बाईनं कमवायला लागून मग शिकणं आणि नवऱ्याच्या पैशावर तीन वर्षं शिकणं यात घरातल्या बोलण्याचा फार फरक पडतो. त्यामुळे पायरीनं जाण्याला मी एकदम वाईट म्हणणार नाही.

---

ट्यूटर_दादा

मावशी, तुमचा मुद्दा पैशाचा आणि घरातल्या वातावरणाचा आहे आणि तो शंभर टक्के खरा. पण तुमच्याकडे एलपीएनचा अभ्यास पुढे धरला जातो, एलपीएन ते आरएन असे जोडकोर्सच आहेत. आपल्याकडे तो पूलच बांधलेला नाही. इथली एएनएम दहा वर्षं बाळंतपणं करून आली तरी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला सतरा वर्षांच्या मुलीशेजारी बसून पट्टी कशी बांधायची इथपासून शिकते. मला स्वतःला हे मान्य नाही, तिच्या अनुभवाची निदान एका वर्षाची तरी सूट द्यायला हवी असं मी मीटिंगमध्ये बोलत आलोय. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला, त्यातून असा काही रस्ता निघाला तर खूप बायकांचं भलं होईल. पण रानजाई ताईंना यंदा निर्णय घ्यायचाय आणि यंदा तरी सूट नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. इतकं समजावून मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

ट्यूटर दादांचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. मार्कशीट माहेरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत. आईला फोन केला, तिला वाचता येत नाही, शेजारच्या पोराला बोलवून त्यानं फोटो पाठवला. तो फोटो उघडेपर्यंत हात थरथरत होते. इंग्रजी ४३. तीन मार्कांनी वाचले. आमच्या इंग्रजीच्या बाई मला मुद्दाम थांबवून पत्रलेखन करून घ्यायच्या, पाच मार्कांचं पत्र सोडू नको म्हणायच्या, त्यांची फार आठवण आली.

उपकेंद्रवाली ताई, तुम्ही विचारलंत तो प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. आईस पॅक हलवून बघायचं वाचलं आणि खरंच तेच करावंसं वाटलं. गाव मला आवडतं. पण माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती बाई येते, ओठ सुजलेली. मला तिथं, त्या खाटेशेजारी उभं राहून काय करायचं ते यायला हवंय. म्हणजे वॉर्डच.

अडचण आता मुलीचीच. ती पहिलीला जाईल. नांदेडला सरकारी स्कूलला नंबर लागला तर हॉस्टेलला राहावं लागेल ना? रोज एसटीनं जाऊन येऊन करणारं कुणी आहे का? बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्चाचं जमेल, पण वेळेचं कसं जमेल.

---

नाईट_ड्युटी_पुणे

४३ वाचून मलाच हायसं वाटलं!

आमच्या वेळी हॉस्टेल सक्तीचं होतं आणि त्याला कारण आहे. वॉर्डची सकाळची पोस्टिंग सातला सुरू होते, पुढे पुढे दुपारची आणि रात्रीची पण लागते. रात्री आठला ड्युटी संपवून एसटी पकडून घरी, परत पहाटे पाचला निघायचं, हे पहिला आठवडा जमतं, नंतर माणूस आजारी पडतो आणि हजेरी कमी भरली की परीक्षेला बसता येत नाही. माझ्या बॅचला मुलंबाळं असलेल्या तीन बायका होत्या. एकीचं बाळ दीड वर्षाचं होतं. ती शनिवारी रात्री शेवटच्या गाडीनं जायची, रविवारी संध्याकाळी परत यायची, आणि परत आली की रात्री उशीत तोंड घालून रडायची, आम्ही कुणी काही बोलायचो नाही, फक्त तिच्या वहीत त्या दिवसाच्या नोट्स उतरवून ठेवायचो. ती आज एका जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, आणि तिचा मुलगा बारावीला आहे.

सोपं आहे असं म्हणत नाहीये. पण तुझ्याकडे सासूबाई आहेत आणि नवरा तयार आहे. मुलीला आधीपासून सांगत राहा, एकदम उठून जाऊ नकोस.

---

उपकेंद्रवाली

वॉर्ड म्हणतेस ना, मग जीएनएमच कर बाळा, माझं मत बदललं. मी माझ्या कामाच्या मायेपोटी लिहिलं होतं. आणि मायेनं सांगते, जीएनएमला पण कम्युनिटीची पोस्टिंग असते, तेव्हा उपकेंद्रातल्या ताईंच्या मागे नुसती सही घ्यायला उभी राहू नकोस, कॅरिअर खांद्याला घेऊन चार घरं हिंड.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना एएनएम हवंय ते तू संध्याकाळी घरी यावीस म्हणून. त्यांना एकदा नांदेडला सोबत घेऊन जा, हॉस्टेल दाखव, तिथल्या मॅडमशी बोलू दे. माझ्या सासूनं माझं ट्रेनिंग सेंटर बघितलं आणि त्या दिवसापासून गावात सगळ्यांना सांगत सुटली की आमची सून नर्स होतेय.

अजून एक. तोपर्यंत त्या दवाखान्यात काम करशील तर इंजेक्शन शिरेतून देऊ नकोस, सरांना सरळ सांग. काही झालं तर नोंदणी नसलेल्या मुलीच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही, सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात. आमच्याकडे एकीवर ती वेळ आली होती. नोकरी गेली तर जाऊ दे, चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे.

---

रानजाई

सरांशी आज बोलले. पहिल्यांदा रागावले, मग गप्प झाले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, शिरेतलं मी देईन नाहीतर रजिस्टर्ड मुलगी ठेवीन, तू ओपीडी सांभाळ. आणि ॲडमिशनला जाशील तेव्हा सांग, म्हणाले. एवढं बोलतील असं वाटलं नव्हतं.

सोमवारी मी, नवरा आणि सासूबाई तिघं नांदेडला चाललोय, सरकारी आणि दोन खाजगी अशी स्कूल बघायला. तुम्ही सांगितलेलं सगळं वहीत लिहून घेतलंय. मुलगी पण येणार म्हणून हटून बसलीय.

ट्यूटर दादा, एकच विचारते. बारावीनंतर दहा वर्षांची गॅप आहे आणि मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. त्याचं काय करू?

---

ट्यूटर_दादा

गॅपचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, तहसीलला सेतूमध्ये होतं, त्यात बारावीनंतर कुठेही शिक्षण घेतलं नाही एवढं स्पष्ट लिहा.

नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला काढा. नोंदणी केलेली नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत आत्ताच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो. फॉर्म मात्र मार्कशीटवरच्या नावानंच भरा, म्हणजे तीन वर्षांनी कौन्सिलच्या नोंदणीत घोळ होत नाही. जातीचा दाखला असेल तर तो माहेरच्या नावाचा असतो, तोच चालतो, सोबत व्हॅलिडिटी आणि लागू असेल तर या वर्षीचं नॉन क्रिमिलेअर. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, मेडिकल फिटनेस, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स.

मुलीला जरूर न्या. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना विचारून घ्या की रविवारी भेटायला लहान मुलांना आत सोडतात का.